एका नावाची माणसे

पुण्याहून मुंबईकडे निघालेला जुना रस्ता बोपोडी ओलांडून मुळा नदीवर येतो आणि पलीकडे दापोडीत उतरतो. 1895 मध्ये बांधलेल्या या पुलाला तेव्हापासून हॅरिस ब्रिज म्हणतात. शेजारी नवे समांतर पूल झाले, 2023 पासून दापोडीत मेट्रो थांबू लागली, तरी नाव बदलले नाही. बसमध्ये, रिक्षाच्या थांब्यावर, पावसाळ्यात नदीला पाणी किती चढले हे सांगताना ते रोज हजारो तोंडी येते. ज्याचे नाव, त्या माणसाची मात्र कुणाला आठवण नसते. मी हे नाव ऐकतो तेव्हा मला एकामागे एक उभे असलेले चार पुरुष दिसतात. त्या चौघांच्याही नावात जॉर्ज आहे, चौघेही हॅरिस आहेत, आणि त्यांच्या आयुष्यांत इंग्लंडच्या साम्राज्याची जवळजवळ दोन शतके मावली आहेत.

पहिला जॉर्ज हॅरिस 1746 साली केंट परगण्यात एका साध्या पाद्र्याच्या घरी जन्मला. तो सैन्यात गेला. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात बंकर हिलच्या लढाईत त्याच्या डोक्याला गोळी लागली, कवटीला छिद्र पाडून शस्त्रक्रिया करावी लागली, आणि तो वाचला. चोवीस वर्षांनी, 4 मे 1799 रोजी, श्रीरंगपट्टणचा तट फोडून आत शिरलेल्या इंग्रज फौजेचा तो सेनापती होता. टिपू सुलतान त्या दिवशी लढता लढता पडला. त्या मोहिमेतून हॅरिसला कीर्ती मिळाली, संपत्ती मिळाली, केंटमध्ये बेलमाँट नावाची जहागिरी विकत घेता आली, आणि 1815 मध्ये सरदारकी मिळाली. त्या सरदारकीच्या अधिकृत नावात श्रीरंगपट्टण आणि म्हैसूर ही दोन्ही गावे घातलेली आहेत. दक्षिणेतले एक पडलेले राज्य अशा रीतीने केंटमधल्या एका घराण्याच्या नावाचा भाग होऊन बसले.

त्याचा मुलगा विल्यम जॉर्ज श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात बापाच्या हाताखाली होता. पुढे तो वॉटर्लूच्या रणांगणावर आपली पलटण घेऊन लढला आणि जबर जखमी झाला. नातू जॉर्ज फ्रान्सिस रॉबर्ट याने तलवार सोडून कारभार हाती घेतला. 1846 ते 1854 तो त्रिनिदादचा गव्हर्नर होता. गुलामी कायद्याने संपली होती. उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध भारतीय मजुरांचे पहिले जहाज, 'फातेल रझाक', 30 मे 1845 रोजी त्या बेटाला लागले होते. माणसांच्या बेड्या काढल्या म्हणजे त्यांचा समाज तयार होतो असे नाही, हे या हॅरिसला कळले होते. त्याने बेटाची विभागणी करून विभागवार शाळांची व्यवस्था घातली. नंतर तो मद्रासचा गव्हर्नर झाला आणि 1857 च्या उठावाच्या काळात त्याच पदावर होता. त्रिनिदादमधल्या सॅन फर्नांडो शहरात त्याच्या नावाचा हॅरिस प्रोमेनाड हा रस्ता आजही आहे.

चौथा जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस. हा आपल्या पुलाचा हॅरिस. बाप त्रिनिदादला असताना, 3 फेब्रुवारी 1851 रोजी, तो तिथेच जन्मला. त्याच्या सहाच दिवस आधी, 28 जानेवारी 1851 ला, गंगेकाठच्या ब्रह्मावर्तात दुसरे बाजीराव पेशवे वारले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण ज्या नदीवर पुढे त्या बालकाच्या नावाचा पूल झाला, तिच्याच काठी त्या पेशव्यांनी आपली कवायती फौज ठेवली होती. तिच्याकडे मी पुढे येणारच आहे.

हा चौथा हॅरिस क्रिकेटपटू म्हणून आधी गाजला. 1880 मध्ये ओव्हलवर इंग्लंडच्या भूमीवरचा पहिला कसोटी सामना झाला, त्यात तो कर्णधार होता. 1890 ते 1895 तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. पुण्यात ही वर्षे टिळकांची, रानड्यांची, आगरकरांची. संमतिवयाच्या कायद्यावरचा वाद याच काळात पेटला, सार्वजनिक गणेशोत्सव याच काळात उभा राहिला. ऑगस्ट 1893 मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची भीषण दंगल झाली तेव्हा हॅरिस पुण्याला गणेशखिंडीच्या गव्हर्नर-प्रासादात होता. तो मुंबईला उशिरा पोचला आणि त्याबद्दल त्याच्यावर कडक टीका झाली. मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये त्याच्या नावाची ढाल मात्र राहिली. 1988 मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अभेद्य भागीदारी केली ती याच हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात. म्हणजे महाराष्ट्रात या माणसाचे नाव दोन जागी जिवंत आहे, एका पुलावर आणि एका स्पर्धेत. त्याच्या राज्यकारभाराबद्दल दोन्हीकडे काही कळत नाही.

इंग्लंडच्या सरदारघराण्यांत एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या का फिरते, हे समजायला तिथल्या वारशाची पद्धत पाहावी लागते. जमीन, वाडा, उपाधी, वरिष्ठ सभागृहातली जागा हे सगळे थोरल्या मुलाकडे अखंड जात असे. धाकट्यांनी सैन्यात, चर्चमध्ये किंवा हिंदुस्थानात नशीब काढावे. मालमत्ता तुटू द्यायची नसेल तर मालकही तुटता कामा नये. म्हणून थोरल्याला बापाचे किंवा आजाचे नाव देतात. इंग्रज सरदार सही करतो तीही नुसत्या उपाधीने. 1815 पासून 1932 पर्यंत, म्हणजे चौथा हॅरिस मरेपर्यंत, चार वेगवेगळ्या हातांनी कागदाखाली 'हॅरिस' एवढेच लिहिले असणार. त्यातला एक श्रीरंगपट्टण जिंकणारा, एक वॉटर्लूला लढलेला, एक शाळा काढणारा, एक खेळणारा. कागद वाचणाऱ्याने साल पाहिले नाही तर सही कुणाची हे कळायला मार्ग नाही.

या पद्धतीमागची इच्छा मला समजते, आणि ती केवळ इंग्रजांची नाही. मेलेला माणूस नावाने तरी घरात राहावा असे कोणाला वाटत नाही? पण या इच्छेला एक किंमत आहे. नाव एक ठेवले की कर्तृत्व आणि दोष दोन्ही एकमेकांत मिसळतात. पणजाने जिंकलेल्या किल्ल्याचे तेज पणतूच्या डोक्यावर पडते, आणि पणतूच्या सुस्तीचा डाग पणजाच्या तलवारीला लागतो. इतिहासाने या माणसांना एकमेकांपासून सोडवून प्रत्येकाला त्याचे त्याचे द्यावे लागते. दापोडीसारख्या ठिकाणी राहताना मला हे काम न्यायाचे वाटते, कारण या छोट्या गावावरून अशी दुहेरी-तिहेरी नावे आश्चर्य वाटावे इतकी गेली आहेत.

दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक कवायती फौज उभारली. तिचा नायक कॅप्टन फोर्ड, आणि तिचा तळ दापोडीला. पगार पेशव्यांचा, शिस्त इंग्रजांची. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई सुरू झाली तेव्हा फोर्ड आपल्या पलटणी घेऊन दापोडीहून नदी ओलांडून निघाला आणि कंपनीच्या फौजेला जाऊन मिळाला. पेशव्यांच्या बाजूने मोरोपंत दीक्षित लढत होते. ते फोर्डचे स्नेही. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदवले आहे की लढाईच्या आधी या दोघांनी, जो हरेल त्याच्या कुटुंबाचे दुसऱ्याने रक्षण करायचे असे ठरवले होते. मोरोपंत त्या दिवशी पडले ते फोर्डच्याच पलटणीच्या तोफेच्या गोळ्याने. माझ्या मते दापोडीच्या मातीतली ही सर्वांत दुःखाची गोष्ट आहे, आणि ती इथल्या फारच थोड्या लोकांना ठाऊक आहे.

पुढे जून 1818 मध्ये बाजीराव सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाले. वर्षाला आठ लाख रुपये घ्यायचे, पुणे कायमचे सोडायचे आणि ब्रह्मावर्तात राहायचे असे ठरले. नऊ-दहा वर्षांनी तोच माल्कम मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला आणि त्याने फोर्डने बांधलेला दापोडीचा बंगला सरकारसाठी विकत घेतला. पेशव्यांच्या नोकरीत असलेल्या अधिकाऱ्याचे घर अशा रीतीने पेशवाईचा शेवट करणाऱ्याचे निवासस्थान झाले. गणेशखिंडीचा प्रासाद होईपर्यंत मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात याच दापोडीत राहत असत.

या बंगल्यात 9 जुलै 1838 रोजी गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट वारले. मुंबईचा ग्रँट रोड आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय ही नावे त्यांची. इथेही नाव एकटे नाही. त्यांचे वडील चार्ल्स ग्रँट ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष होते. हिंदुस्थानात मिशनऱ्यांना आणि इंग्रजी शिक्षणाला वाट मोकळी करावी यासाठी त्यांनी आयुष्यभर खटपट केली. रॉबर्टच्या थोरल्या भावाचे नावही चार्ल्स ग्रँट. तो 1830 ते 1834 हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष होता, 1833 ची सनद त्याच्या कारकिर्दीत झाली, आणि धाकटा भाऊ मुंबईचा गव्हर्नर नेमला गेला तोही याच काळात. बाप चार्ल्स आणि मुलगा चार्ल्स यांच्यात वाचक सहज घोटाळा करतो. रॉबर्ट मात्र वेगळा उभा राहतो. ज्यूंना इंग्लंडमध्ये समान नागरी हक्क मिळावेत म्हणून त्याने पार्लमेंटमध्ये विधेयके आणली, ईश्वरस्तुतीची गीते लिहिली, आणि शेवटचा श्वास दापोडीत घेतला. थोरल्या चार्ल्सने बापाचे नाव चालवले. धाकट्याला ते ओझे नव्हते.

त्याहून मोठा घोटाळा एल्फिन्स्टन या नावाचा. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा पेशव्यांच्या दरबारातला रेसिडेंट, खडकीच्या लढाईच्या वेळचा, पुढे 1819 ते 1827 मुंबईचा गव्हर्नर. एल्फिन्स्टन कॉलेज त्याच्या नावाचे. पण मुंबईच्या फोर्टमधले एल्फिन्स्टन सर्कल आणि एल्फिन्स्टन रोड ही नावे त्याची नव्हेत. ती त्याच्या पुतण्याची, लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनची, जो 1853 ते 1860 मुंबईचा गव्हर्नर होता. कित्येक मराठी वाचकांना वाटते, एकच एल्फिन्स्टन, त्याचेच कॉलेज आणि त्याचेच स्टेशन. आता सर्कलला हॉर्निमनचे नाव आहे, स्टेशनला 2018 पासून प्रभादेवीचे. म्हणजे पुतण्याच्या आठवणी एकेक करून गेल्या, चुलत्याची उरली, आणि दोघे मुळात वेगळे होते हे बहुतेकांना कळलेच नाही. याच घराण्यातला एक विल्यम एल्फिन्स्टन 1842 मध्ये काबूलहून माघार घेताना आपली सबंध फौज गमावून बसला. पुण्याचा मुत्सद्दी आणि काबूलचा सेनापती यांना केवळ नावावरून एका मापाने मोजले तर दोघांवरही अन्याय होईल.

आपल्याकडे हीच गोष्ट दुसऱ्या रीतीने होते. मराठी घरात नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल जुनी आहे. मात्र सुनेने सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही ही मर्यादाही तितकीच जुनी. मग पोराला हाक कशी मारायची? त्यातून नाना, दादा, भाऊ, बाळ, आबा ही घरातली नावे आली आणि पुष्कळदा तीच इतिहासात स्थिर झाली. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा पहिला बाजीराव, त्याचा मुलगा बाळाजी बाजीराव, आणि आपण त्याला ओळखतो नानासाहेब म्हणून. बाळाजी जनार्दन भानू म्हणजे नाना फडणवीस, त्यांच्या आजोबांचे नावही बाळाजी. एका नावाच्या दोन माणसांना वेगळे करण्याचे काम इथे घरानेच केले, तेही एका सुनेच्या संकोचातून. इंग्रजांना जे अनुक्रमांकाने करावे लागले ते आपल्या माजघरात मायेने झाले.

पण ज्यांना आजोबांच्या किंवा चुलत्याच्या नावाने गादीवर बसवले त्यांची त्यातून सुटका नव्हती. नारायणरावांच्या खुनानंतर जन्मलेल्या मुलाला अकाली गेलेल्या थोरल्या माधवरावांचे नाव दिले आणि पुढे सवाई म्हणजे सव्वापटीचे विशेषण चिकटवले. चाळीस दिवसांचे ते बाळ पेशवा झाले. ज्या चुलत्याने पानिपतानंतरचे राज्य पुन्हा उभे केले त्याच्याहून सव्वापट मोठे व्हायचे, हे त्याच्यासाठी पाळण्यातच ठरले. 1795 मध्ये शनिवारवाड्याच्या उंचीवरून पडून ते गेले तेव्हा वय होते अवघे एकवीस. त्यांच्या मृत्यूबद्दल बखरकार आणि इतिहासकार काय म्हणतात ते म्हणोत. मला त्या नावाचा भार विसरता येत नाही.

दुसऱ्या बाजीरावांचेही तसेच. रघुनाथरावांनी मुलाला आपल्या वडिलांचे नाव दिले. पहिला बाजीराव एकोणचाळिसाव्या वर्षी रावेरखेडीला वारला तेव्हा त्याचे घोडे नर्मदेच्या उत्तरेस दूरवर जाऊन आले होते. त्याचा नातू त्याच नावाने गादीवर आला, तेव्हा खजिना रिता होता, सरदार आपापल्या वाटेने गेले होते, आणि दाराशी कंपनीच्या पलटणी होत्या. त्याच्या भित्रेपणाचे, संशयी स्वभावाचे, त्याने विश्वासू माणसे दुखावल्याचे मी समर्थन करणार नाही. त्याचे दोष खरे आहेत आणि त्यांची किंमत साऱ्या महाराष्ट्राने मोजली. पण आपण त्याला शिव्या देतो तेव्हा त्यात अर्धा राग त्याच्या कृत्यांचा असतो आणि अर्धा त्याने ते नाव धारण केल्याचा. तो अमृतराव किंवा चिमणाजी या नावाने गादीवर असता तर त्याचे पळणे आपल्याला इतके लागले असते का? दापोडीची फौज बांधणाऱ्या या पेशव्याला त्याच्या काळाच्या, त्याच्या कुवतीच्या आणि त्याच्या अपराधांच्या मापाने मोजायला हवे. आजोबांच्या घोड्याशेजारी त्याला उभे करून मोजणे हा इतिहास नव्हे.

याला एक उलट बाजू आहे आणि तीही दापोडीपासून दूर नाही. पवनेकाठी चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे. त्यांच्या वंशात चिंतामणी आणि नारायण ही नावे पुन्हा पुन्हा येतात. त्या परंपरेची श्रद्धा अशी की मंगलमूर्तीचा अंश पिढ्यान्‌पिढ्या त्या घराण्यात उतरत राहिला, म्हणून त्या पुरुषांना देव म्हणत. इथे एकच नाव परत येते ते आधीचा पुरुष गेलाच नाही हे सांगण्यासाठी. भक्ताला दोन चिंतामणींत भेद करायचा नसतो, त्याला दोघांत एकच पाहायचे असते. या भावनेपुढे मी नम्र आहे. मात्र इनामाचे कागद, वाटण्या, तंटे आणि निवाडे यांत तेच पुरुष पुन्हा वेगवेगळे होतात, कारण सही करणारा माणूस त्या दिवशी जिवंत असलेला एकच असतो. भक्तीला एकत्व लागते आणि न्यायाला वेगळेपण. समाजाला दोन्हींची गरज आहे, फक्त एकाच्या जागी दुसरे वापरले की गफलत होते.

नाव रक्ताबाहेर जाऊन स्नेहाने मिळाल्याचेही एक उदाहरण या प्रदेशाच्या इतिहासात आहे, आणि मला ते सर्वांत प्रिय आहे. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ साताऱ्यात होता आणि एल्फिन्स्टनच्या मार्गदर्शनाखाली त्याने काम केले. त्याचा इतिहास 1826 मध्ये प्रसिद्ध झाला. 1829 मध्ये मुलगा झाला तेव्हा त्याने त्याचे नाव माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ असे ठेवले. पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला. ज्या एल्फिन्स्टनने आयुष्यभर लग्न केले नाही त्याचे नाव असे दुसऱ्याच्या मुलाने चालवले. इथे जमीन नव्हती, उपाधी नव्हती, वारसा म्हणून द्यायला काही नव्हते. होती ती कृतज्ञता. आपल्याकडेही कित्येकांनी मुलांची नावे शिवाजी, जोतिबा, भीमराव ठेवली ती याच भावनेने. असे नाव मिळालेल्या मुलाकडे हक्क येत नाही, फक्त कोणीतरी ठेवलेला आदर येतो. तो पेलणे तुलनेने सोपे असते.

आणि ज्यांचे नावच उरले नाही त्यांचे काय? माल्कमने दापोडीच्या बंगल्याभोवती वनस्पतिउद्यान घातले. पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन याने ते वाढवले आणि 1847 नंतरच्या काही वर्षांत तिथल्या झाडाफुलांची सुंदर चित्रे काढून घेतली. आज ती एडिंबरोच्या शाही वनस्पतिउद्यानात दापोडीची चित्रे म्हणून जपलेली आहेत. काढणारा पोर्तुगीज-भारतीय वळणाचा एक चित्रकार होता. त्याचे नाव नोंदलेले नाही. चार जॉर्ज हॅरिसांच्या जन्मतारखा मला सांगता येतात, आणि दापोडीचे नाव ज्याच्या हाताने जगात गेले त्याला हाक मारायला एक अक्षर नाही. नावांचा इतिहास लिहिताना हा तोल सतत मनात ठेवला पाहिजे. नाव टिकण्यामागे गुणांइतकीच सत्ता असते, आणि पुष्कळदा गुणांपेक्षा सत्ताच अधिक असते.

म्हणून पुलाचे नाव बदलावे की ठेवावे या वादात मला रस नाही. नाव पुसले तर चौथ्या हॅरिसचा उशीरही पुसला जाईल आणि तिसऱ्याच्या शाळाही आपल्यापर्यंत येणार नाहीत. नाव नुसते ठेवले तर ते एक पोकळ ध्वनी होऊन राहील, जसे ते आज आहे. हवे आहे ते त्याच्याखालचा माणूस वेगळा काढून ओळखणे. दापोडीच्या शाळांतल्या मुलांना फोर्ड आणि मोरोपंत, माल्कम आणि बाजीराव, दोन चार्ल्स आणि एक रॉबर्ट, चार हॅरिस आणि एक निनावी चित्रकार यांची गोष्ट सांगता येईल. या साऱ्यांचे धागे त्यांच्या पायी जाण्याच्या अंतरात येऊन मिळतात. त्या मुलांपैकी कितीतरी स्वतः आजोबांची नावे घेऊन वाढत आहेत. त्यांना एवढे कळावे की नाव मागच्यांनी दिलेले असते, त्या नावाने केलेले काम मात्र ज्याचे त्याच्याच खात्यावर जमा होते. आजोबांच्या पुण्याईवर जगता येत नाही आणि आजोबांच्या चुकांसाठी मान खाली घालावी लागत नाही. ज्याला हे समजले, तो आपल्या घरातल्या नावाचा आदरही करील आणि त्या नावाने स्वतःचे, आधी कोणी न जगलेले आयुष्यही जगेल.